बाशिंगाची वाळकी पानं

पावसाळ्यात कोकणात कुठल्याही जुन्या आंब्याकडे मान वर करून बघा, बेचक्यात लांब, खोल कातरलेल्या हिरव्या पानांचा झुबका दिसतोच आणि कोणीतरी लगेच म्हणतं, बांडगूळ आलंय, काढून टाका. अहो बांडगूळ वेगळं, ते फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस पितं. हे बाशिंग, म्हणजे नेचा (फर्न), शास्त्रीय नाव ड्रायनारिया क्वर्सिफोलिया. झाडाकडून याला फक्त बसायला जागा हवी असते, ती नाही मिळाली तर कातळावरही खुशाल वाढतं. आपल्याकडेच नाही, पार उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलंय.

मग खातं काय? इथेच तर ते मला भारी वाटतं. याला पानं दोन प्रकारची. लांब हिरवी, मागे बीजाणूंचे ठिपके असलेली, ती सगळ्यांना आवडतात. दुसरी बुडाशी, आखूड, रुंद, बिनदेठाची, थोडा काळ हिरवी राहतात मग तपकिरी कागदी होऊन तिथेच खोडाला चिकटून बसतात, आणि त्यांच्या आडोशाला वरून पडलेला पालापाचोळा, धूळ, काय काय साठून कुजतं आणि त्या खतात याची मुळं शिरतात. म्हणजे कुंडीही स्वतःची आणि खतही स्वतःचं! आणि आपल्याकडे येणारा पाहुणा आधी काय म्हणतो, तर ही वाळकी पानं काढत का नाही. स्वच्छतेचा एवढा सोस झाडांना नसतो हो, आपल्यालाच असतो.

लावायचं म्हणाल तर जंगलातून ओरबाडून आणू नका प्लीज, कोणाकडे असेल त्याच्याकडून बाशिंगाच्या खोडाचा तुकडा मागा, जाडसर, तपकिरी लव असलेला, पुढचा वाढता कोंब शाबूत असलेला. तो नारळाच्या सोडणावर नाहीतर लाकडाच्या फळीवर सुतळीने बांधायचा, बास. मातीत पुरायचा नाही, खोड कुजतं. उजेड भरपूर पण दुपारचं कडक ऊन नको, सोडण कोरडं पडलं की पाणी, आणि अधूनमधून बुडाच्या पानांत मूठभर पाचोळा टाकला तर खूशच होईल. कुंडीतल्या बोस्टन फर्नचे, त्या दुसऱ्या नेच्याचे, लाड करून दमलेल्यांनी तर हे जरूर लावावं.

उन्हाळ्यात मात्र घाबरू नका. हिरव्या पानांच्या पाकळ्या गळतात, मधल्या काड्या नुसत्या उभ्या राहतात, झाड मेलं असंच वाटतं, पण खोड टणक लागत असेल तर ते जिवंत आहे, पाऊस आला की फुटतं. बीजाणू पेरूनही येतं म्हणे कोणी हौशी असेल तर, पण त्यात आधी नखाएवढं हिरवं पापुद्र्यासारखं काहीतरी उगवतं आणि मग कधीतरी त्यातून नेचा, तुकडा मिळत असताना एवढी वाट कोण बघणार!