चाकवताच्या भावकीतला पाहुणा

किनव्याचं, म्हणजे क्विनोआचं, पाकीट घरात येतं ते बहुधा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नाहीतर रक्ततपासणीचा कागद हातात पडल्यावर. उत्साहाने सॅलड होतं. घरातला एकजण म्हणतो, कडू आहे. दुसरा म्हणतो, चिखल झालाय. मग ते पाकीट रबर लावून वरच्या फळीवर, ओट्सच्या शेजारी जाऊन बसतं आणि तिथून सहसा खाली उतरत नाही.

बिचाऱ्या दाण्याचा यात काही दोष नसतो. दोन्ही तक्रारी पाण्याच्याच आहेत. कडू लागतो तेव्हा धुताना पाणी कमी पडलेलं असतं, आणि चिखल होतो तेव्हा शिजवताना जास्त झालेलं असतं.

पाकिटावर ‘क्विनोआ’ असं भारदस्त नाव असलं तरी अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतून आलेल्या या शब्दाचा उच्चार ‘किनवा’च्या जवळ जातो. मराठीलाही तोच सोयीचा. हलवा, हलव्याचा, तसा किनवा, किनव्याचा. शिवाय हा पाहुणा वाटतो तितका परका नाही. तो आपल्या चाकवताच्या भावकीतला. दोघांचं शास्त्रीय आडनाव एकच, चेनोपोडियम. आपण चाकवताचं पान ताकात शिजवलं, तिकडे पेरू-बोलिव्हियात टिटिकाका सरोवराच्या आसपास लोकांनी हजारो वर्षं किनव्याचं बी खाल्लं, तेही मुख्यतः सूप आणि लापशीसारख्या प्रकारांत. सॅलड हे त्याचं अलीकडचं, शहरी रूप. बरेचजण त्याला नाचणी-वरईच्या पंगतीत बसवतात, पण ती सगळी गवतं आणि हा पालेभाजीच्या घरातला. संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष 2023 मध्ये साजरं केलं. किनव्याचं स्वतंत्र वर्ष त्याआधीच, 2013 मध्ये होऊन गेलं होतं. राजगिराही याच मोठ्या कुटुंबातला. त्या नात्याने किनवा उपवासाला चालतो का, हे ज्याने त्याने आपल्या सासूबाईंना विचारावं.

तर धुणं. किनव्याच्या दाण्यावर सॅपोनिनचा कडवट थर असतो. रिठा ज्याच्यामुळे फेसाळतो त्याच जातीचा हा पदार्थ. पाखरांनी शेत खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही सोय. अँडीजमध्ये पूर्वापार दगडी खळग्यात दाणे पायांनी घासून हा थर काढत आले आहेत. आपल्याकडे येणारा किनवा बहुतेक वेळा धुऊन आलेला असतो, पण त्या भरवशावर राहू नये. एक वाटी किनवा खोलगट भांड्यात घ्या, भरपूर पाणी घाला आणि दाणे दोन्ही तळव्यांत मिनिटभर चोळा. पाण्यावर साबणासारखा बारीक फेस धरेल. ते पाणी ओता, पुन्हा भरा. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला फेस थांबतो. तरी शंका असेल तर एक कच्चा दाणा दाताखाली धरावा. कडवटपणा असेल तर जीभ लगेच सांगते. गाळायला तांदळाची रोवळी नको, दोन मिलिमीटरचा दाणा सरळ मोरीत जातो. मैद्याची बारीक चाळणी घ्या आणि दहा मिनिटं निथळू द्या. हे निथळणं टाळलं तर दाण्यांना चिकटलेलं पाणी पातेल्यात उतरतं आणि पुढचं सगळं माप चुकतं.

निथळलेला किनवा जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं कोरडाच परतावा. आधी चिकटतो, मग मोकळा होतो, मग तडतडायला लागून शेंगदाणे भाजल्यासारखा वास सोडतो. रव्याला जसा खमंगपणा येतो, तसा. आता वाटीला पावणेदोन वाटी उकळतं पाणी आणि पाव चमचा मीठ. पाकिटावर दोन वाट्या लिहिलेल्या असतात, पण ते माप मऊ लापशीसाठी ठीक आहे; कोशिंबिरीला दाणा फडफडीत हवा. झाकण ठेवून मंद आचेवर बारा-तेरा मिनिटं. लाल किंवा काळा किनवा असेल तर चार-पाच मिनिटं जास्त. पृष्ठभागावर बारीक भोकं दिसू लागली आणि दाण्याभोवतीची पांढरी शेपटी सुटून गोल वळली की गॅस बंद. ती शेपटी म्हणजे किनव्याचा अंकुर, दाण्याला कडं घातल्यासारखा गुंडाळलेला असतो. झाकणाखाली पंचा घालून दहा मिनिटं वाफ जिरू द्यायची. वर चढणारी वाफ पंचा पितो, नाहीतर तेच पाणी थेंबाथेंबाने परत दाण्यांवर पडतं. या दहा मिनिटांत झाकण उघडून पाहण्याचा मोह फार जणांना होतो. कुकरचं म्हणाल तर खिचडीसाठी तो उत्तम. पण शिट्टीनंतरही आतल्या वाफेवर दाणा शिजत राहतो, म्हणून इथे पातेलंच बरं. एवढं करूनही गिचका झाला, तर त्याची सॅलडची हौस सोडा. कांदा, मिरची, बेसन घालून थालीपीठ लावा, छान लागतं.

मसालेभात निवायला परातीत मोकळा करतात तसा किनवा परातीत पसरावा. डावाने नको, काट्याने. डाव दाणे दाबतो. कोमट असतानाच अर्ध्या लिंबाचा रस आणि थोडं मीठ त्यावर शिंपडावं. कोमट दाणा चव आत ओढून घेतो, थंड दाण्यावर ती नुसती वर बसते. ‘किनव्याला चवच नसते’ म्हणणाऱ्यांनी ही एक पायरी बहुधा गाळलेली असते. भाज्या मात्र पूर्ण निवल्यावरच, नाहीतर काकडी वाफाळते. निवणं म्हणजे दुपारभर ओट्यावर ठेवणं नव्हे. शिजलेल्या भातासारखाच हाही गरमीत बिघडतो. अर्ध्या तासात कामाला घ्यावा किंवा फ्रिजमध्ये जावा.

आता काकडी. कोशिंबिरीला पाणी सुटतं ते तिच्यामुळे आणि मिठामुळे. चोचवलेली काकडी खमंग काकडीत शोभते, इथे नाही. उभी चिरून चमच्याने बियांचा भाग काढा, बोटाच्या पेराच्या निम्म्या आकाराच्या फोडी करा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा. दोन-तीन चमचे पाणी सहज सुटतं. ते फेकायचं नाही, ताकात घालायचं. टोमॅटोचा गर आमटीत, भिंती कोशिंबिरीत. गाजर किसू नये. कीस दाण्यांत गुंततो आणि घासात गाजर वेगळं कळत नाही. बारीक चौकोनी फोडी कराव्या, सिमला मिरचीच्याही तशाच. कांदा दहा मिनिटं थंड पाण्यात ठेवला की त्याचा उग्रपणा जातो. फरसबी घ्यायची तर तीन मिनिटं उकडून लगेच गार पाण्यात टाकावी आणि लिंबू अगदी शेवटी पिळावं, कारण आंबटाने तिचा हिरवा रंग मळकट होतो. बीट मात्र वाढताना वरूनच, नाहीतर सगळं ताट एकरंगी. शिजून किनवा तिप्पट होतो, म्हणजे एका वाटीच्या तीन होतात. त्याला मिळून निदान तीन वाट्या भाज्या हव्यातच, चार असल्या तर उत्तम. इथे हात आखडला की सॅलड न होता थंड उपमा होतो.

वरून काय? ऑलिव्ह तेल आणि मिरपूड हा एक रस्ता आहे. पण दोन पोह्याचे चमचे शेंगदाणा तेलाची मोहरी, हिंग, हिरवी मिरचीची फोडणी किंचित निववून ओतली की हा पदार्थ सॅलड हे नाव टाकून कोशिंबीर होतो, आणि मला वाटतं तेच त्याला जास्त मानवतं. वर कोथिंबीर, चिमूट साखर, उरलेलं अर्धं लिंबू. तुपाची फोडणी मात्र नको, गार किनव्यावर ती थिजते. कुटाचीही गंमत आहे. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट सुटलेलं पाणी शोषून घेतं, म्हणून ते तिथे हवंच. इथे पाणी शोषायला किनवा बसलेलाच आहे, कूट घातलं की सगळं पिठूळ होतं. भाजलेल्या दाण्यांची जाड भरड घ्यावी आणि ऐन वाढताना घालावी.

पौष्टिकतेचा गवगवा थोडा मोजून घ्यावा. कच्च्या किनव्यात 100 ग्रॅमला साधारण 14 ग्रॅम प्रथिनं असतात. तांदळात त्याच्या निम्मी, तुरीच्या डाळीत 22 च्या आसपास. म्हणजे भातापेक्षा सरस, पण डाळीला रजा देण्याएवढा नाही. मूठभर मोड आलेले, वाफवलेले मूग घातले तर कोशिंबीर खरंच एक वेळचं जेवण होते. लिंबामुळे त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि तेलाचा मोठा चमचा 120 कॅलरींचा असतो, हे ‘हेल्दी आहे’ म्हणत चौथा चमचा ओतताना आठवलं तर बरं.

उद्याच्या डब्यासाठी किनवा भाज्या न घालता, बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा. तीन दिवस चांगला राहतो. भाज्या सकाळी चिराव्या. रात्रीत तो मीठ-लिंबू पिऊन टाकतो, तेव्हा डबा भरताना पुन्हा एकदा चाखावा आणि दाण्यांची भरड वेगळ्या डबीत द्यावी.