मोकळे आभाळ, झाकलेले आभाळ

जळगावात राहणाऱ्या माणसाला मनमुराद भटकण्यासाठी वर्षातले चारच महिने मिळतात, असे माझे जुने मत आहे. मार्चपासून ऊन घराबाहेर पडू देत नाही आणि पावसाळ्यात सातपुड्यातले नाले कधी वाट अडवतील याचा नेम नसतो. उरतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ. म्हणून दिवाळी सरताच मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने चार सहली लिहून ठेवल्या. त्या हिवाळ्यात कधी अवकाळी पाऊस, कधी धुके, कधी हाडे गोठवणारी थंडी असे इतके आलटून पालटून चालले की चारही सहली झाल्या, पण लिहिली होती तशी एकही झाली नाही.

पहिली हतनूरची. भुसावळजवळ तापीवर हे धरण आहे. चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात, त्याच्या खालच्या बाजूला. पावसाळ्यात ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’ अशी बातमी आली की आमच्याकडे नदीकाठची गावे सावध होतात. हिवाळ्यात मात्र तेच पाणी स्थिर पडून असते आणि उत्तरेकडून आलेली बदके त्यावर मुक्कामाला असतात. आदल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस पडून गेला होता, रात्री आभाळ उघडले होते आणि वारा अजिबात नव्हता. ओल्या जमिनीवर अशी रात्र आली की पहाटे धुके ठरलेलेच, हे मला ठाऊक असायला हवे होते. पहाटे साडेसहाला आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा हातातली दुर्बीण ही निव्वळ गळ्यातली माळ होती. पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते तेही कळत नव्हते.

माझा दहा वर्षांचा मुलगा कंटाळून परत चला म्हणू लागला. थर्मासमधला चहा संपेपर्यंत थांबू, असे ठरले. दिसत काहीच नसल्यामुळे ऐकू मात्र विलक्षण येत होते : पंखांचा फडफडाट, पाण्यावर उतरतानाची लांबलचक सुर्रकन रेघ, चक्रवाकांचे ते किंचित रडवे ओरडणे. साडेनऊच्या सुमारास सूर्य वर आला, धुके तळापासून विरू लागले आणि समोर जे उघडे पडले ते पाहून आम्ही जागीच बसलो. थापट्या बदकांचा थवा आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर चोची पाण्यात घालून निवांत चरत होता. पलीकडे हळदी-कुंकू बदकांची जोडी होती, चोचीच्या टोकाचा पिवळा ठिपका साध्या डोळ्यांनी दिसावा इतकी जवळ. स्वच्छ सकाळी हीच बदके माणूस बांधावर दिसताच पाण्याच्या मध्यावर निघून जातात. त्या दिवशी आम्ही त्यांना दिसलो नव्हतो आणि ती आम्हाला, त्यामुळे दोघेही नकळत शेजारी येऊन बसलो होतो.

दुसरी सहल म्हणजे खरे तर भरीत पार्टी. बाहेरच्यांना याला सहल म्हणणे पटणार नाही, पण खान्देशात हिवाळ्यातले घराबाहेरचे सुख म्हणजे मळ्यातले भरीत, यावर जळगाव-यावल-रावेर भागात कुणी वाद घालत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगी खायला मोकळीक होते, आणि मग महाशिवरात्रीपर्यंत कुठल्या ना कुठल्या मळ्यातून धूर निघत असतो. बामणोदची हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी तर प्रसिद्धच आहेत; जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बामणोदच्या बाजूलाच पत्नीच्या मामांचा केळीचा मळा आहे. त्यांनी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्हा बारा जणांना बोलावले.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आले होते. भरीत भाजायला कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्या लागतात. त्यांचा जाळ भरकन उठतो, साल करपते आणि आतला गर धुरकट वास घेऊन शिजतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, त्यामुळे शहरात हॉटेलवाले ज्याला खान्देशी भरीत म्हणतात त्याविषयी मी इथे काही न बोललेलेच बरे. काड्यांचा ढीग पेटला, पंधरा किलो वांगी त्यात गेली आणि नेमका तेव्हाच पाऊस सुरू झाला. मामांनी शांतपणे शेडमधून एक जुना पत्रा ओढून आणला. चार जणांनी चार कोपरे धरून तो जाळावर छत्रीसारखा उभा केला, आणि पुढची पंधरा मिनिटे आम्ही डोक्यावर पाऊस, हाताला चटका आणि डोळ्यांत धूर अशा अवस्थेत उभे राहिलो. माझ्या मेहुण्याच्या मते एवढी कसरत त्याने स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचली गेली. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि हात न आखडता घातलेले तेल. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या, मुळा आणि केळीच्या पानावर टपटपणारे थेंब. जेवता जेवता मी सहज म्हणालो, की आज आभाळ मोकळे असते तर बरे झाले असते. मामा हसले.

“पाहुने, तुम्हाले फिराले आभाय मोकयं पाह्यजे. मले केयीसाठी झाकेल पाह्यजे, आन् हरभऱ्यासाठी पुन्हा मोकयं. आता देवानं आयकावं कोनाचं?”

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते मी इतकी वर्षे जळगावात राहूनही नीट समजून घेतले नव्हते. रात्री ढग असले की दिवसभर तापलेल्या जमिनीतली ऊब वर निसटून जात नाही, गारठा कमी राहतो आणि केळीला ते मानवते. मात्र हेच ढगाळ हवामान चार दिवस टिकले की हरभऱ्यावर अळी येते. उत्तर भारतावरून पश्चिमी चक्रावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा ढग-पावसाचा पट्टा, सरकला की आपल्याकडे आधी ढग येतात आणि तो पुढे गेल्यावर आभाळ एकदम साफ होऊन उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. पारा १० अंशांच्या खाली गेला की केळीला ‘चरका’ बसतो : पाने पिवळी पडतात, वाढ थांबते, घड नीट बाहेर पडत नाही. तेव्हा रात्रभर विहिरीचे पाणी द्यायचे, कारण ते हवेपेक्षा उबदार असते, आणि बांधावर पालापाचोळा पेटवून मळ्यात धूर कोंडायचा. “तुमची थंडी मजेची,” ते पुरी मोडत म्हणाले, “आमची जागरनाची.”

हे शब्द जानेवारीत तोरणमाळला आठवले. चोपडा, शिरपूर, शहादा असे करत आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचलो. माझ्या मित्राला रानपिंगळा पाहायचा होता. हा छोटा पिंगळा १८८४ नंतर कुणाला दिसलाच नव्हता, तो नामशेष झाला असे मानले जात होते, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो अमेरिकी पक्षिअभ्यासकांना सापडला तो शहाद्याजवळच्या जंगलात. घुबडाच्या कुळातला असून तो दिवसा वावरतो. आम्ही पानगळ झालेल्या सागांच्या माथ्यांकडे मान मोडेपर्यंत पाहिले. दिसला तो ठिपकेवाला पिंगळा, जो माझ्या गच्चीसमोरच्या निंबावर रोज बसतो.

सात पायरी घाट चढून वर गेलो तो सगळे पठार ढगात. सीताखाईच्या खोल दरीच्या काठावर उभे राहून आम्ही पांढऱ्या भिंतीचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा फिरला, ढग एका तासात पूर्वेकडे निघून गेले आणि समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या त्या पठारावर अशी रात्र उतरली की यशवंत तलावाच्या पाण्यातही तारे मोजता यावेत. शेकोटीकडे तोंड केले की पाठ गोठत होती आणि पाठ फिरवली की नाक. पहाटे गवताच्या गंजीवर दव गोठून पांढरा पापुद्रा धरला होता. मुलाने तो बोटाने खरवडून चाखला. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, आणि त्याच आनंदात खाली तापीकाठी मामा विहिरीची मोटर चालू करून बसले असतील हेही सतत मनात येत होते. शहाद्याला उतरल्यावर फोन केला. ते दोन रात्री झोपले नव्हते.

पाटणादेवीची सहल त्या मानाने लवकर आटोपली. चाळीसगावजवळ, गौताळा अभयारण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या या ठिकाणाहून पायवाटेने पितळखोरे लेण्यांपर्यंत चढायचे, असा फेब्रुवारीतला बेत होता. सकाळी अंगात स्वेटर, अकराला घामाच्या धारा आणि दीड वाजता डोंगरामागून काळे आभाळ. ओल्या कातळावर मुलाला घेऊन पुढे जाणे मला पटले नाही, म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. जुन्या महादेव मंदिराच्या मंडपात शिरतो न शिरतो तोच गारा सुरू झाल्या. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे सांगणारा शिलालेख याच पाटणचा. तिथे बसून मुलगा गारा मोजत होता, आणि मोजता येईनात म्हणून जेवणाच्या रिकाम्या डब्यात गोळा करत होता.

वीस मिनिटांत ऊन पडले. जमिनीवरच्या गारा चमकत होत्या आणि मला काही तितकेसे बरे वाटत नव्हते. मी मामांना फोन लावला आणि तिकडे काय परिस्थिती आहे असे विचारले.

“इकडे नुसतं आभाय आलेलं हाये, गारा नाही,” ते म्हणाले. पलीकडून मोटरचा आवाज येत होता. “पन वांगी आता संपत आली, पाहुने. रविवारी या. पत्रा तयार ठेवतो.”