तुम्ही विचारलंत म्हणून : बॅटरी फ्रेमच्या पोटात कशासाठी?

इलेक्ट्रिक सायकलींच्या फ्रेमची आखणी हे माझे काम आहे असे कळले, की एक प्रश्न हमखास येतो: बॅटरी कॅरिअरवर किंवा नळीला बाहेरून जोडता येत असताना ती फ्रेमच्या आत बसवण्याचा एवढा खटाटोप कशासाठी, सायकल देखणी दिसावी म्हणूनच ना? देखणेपणाचा त्यात वाटा आहे आणि तो लहान नाही. पण माझ्या दृष्टीने पहिले कारण वजनाचे आहे. कॅरिअरवर ठेवलेले तीन-चार किलो वळताना आणि सायकल उचलताना मागे ओढ देतात; तेच वजन डाउन ट्यूबमध्ये, म्हणजे हँडलखालून पेडलांकडे उतरणाऱ्या नळीत, असले तर फारसे जाणवत नाही. अमेरिकेत १८९५ साली ऑग्डेन बोल्टन यांना विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले, तिची बॅटरीही फ्रेमच्या त्रिकोणातच टांगलेली होती. जागा तेव्हाचीच आहे. आपण फक्त ती वस्तू नळीच्या आत नेली, आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

आधी मापांचे पाहू. बॅटरी लहान-लहान सेलांची बनलेली असते. ज्या सेलला २१७०० म्हणतात तो २१ मिलिमीटर व्यासाचा आणि ७० मिलिमीटर लांबीचा असतो. ३६ व्होल्टसाठी दहा सेल एकापुढे एक जोडावे लागतात, आणि अशा चार ओळी घेतल्या तर चाळीस सेल होतात. ५ अँपिअर-तासांच्या सेलमध्ये एवढ्यात सुमारे ७२० वॅट-तास मिळतात. हे चाळीस सेल नळीच्या लांबीच्या दिशेने निजवून चार-चारांच्या जुडग्यात ठेवले, तर लांबी ७०० मिलिमीटर भरते आणि बॅटरी डाउन ट्यूबमध्ये मावत नाही. सहा-सहांचे जुडगे केले, तर सात थरांत ४९० मिलिमीटरवर काम भागते, पण सेलांचीच रुंदी ६३ मिलिमीटर होते. त्यावर बॅटरीचे कवच, थोडी मोकळीक आणि नळीची जाडी धरली, की ती नळी नाजूक दिसण्याची आशा सोडावी लागते. फ्रेम जाडजूड का दिसते, याचे उत्तर बहुतेक वेळा या साध्या बेरजेत असते.

बॅटरी आत जायची तर नळीला तोंड पाडावे लागते, आणि हीच सगळ्यांत महाग पडणारी गोष्ट आहे. ५० मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची गोल नळी घेऊन तिला टोकापासून टोकापर्यंत एक चीर दिली, तर पिळाला तोंड देणारा तिचा ताठपणा हिशेबाने चारशे पटींहून अधिक घटतो, मग ती चीर केसाएवढी का असेना. फ्रेममध्ये चिरेची दोन्ही टोके बंद राहतात म्हणून घट इतकी होत नाही, तरी उभे राहून जोरात पेडल मारणाऱ्याला फ्रेम लवत असल्याचे जाणवते. म्हणून तोंडाच्या कडा आत वळवाव्या लागतात, कोपरे मोठ्या गोलाईचे ठेवावे लागतात आणि हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीच्या, मागचा भाग अखंड सोडावा लागतो, कारण समोरून धडक बसली की नळीच्या खालच्या अंगाला सुरकुती पडते ती नेमकी तिथेच. सायकलींच्या सुरक्षिततेसाठीच्या आयएसओ ४२१० या मानकातील चाचणीत पेडलांवर एक लाख वेळा भार दिला जातो. कोपरा टोकदार राहिला असेल, तर तडा वेल्डिंगच्याही आधी तिथे दिसण्याची शक्यता असते.

त्यात ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची वेगळी कटकट आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद उतरते, ती परत मिळवण्यासाठी संपूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड करतात, आणि तोंड पाडलेली नळी त्या धक्क्याने वाकते. वाक मिलिमीटरभर असला तरी बॅटरी एक तर अडकते, नाही तर खडखडते. त्यामुळे मी बॅटरीची बैठक नळीला थेट जोडत नाही. ती स्क्रूने मागेपुढे सरकवता येईल अशी ठेवतो, आणि खालच्या टोकाला रबराची गादी देतो.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर ते आत शिरणारच असे धरून चालावे आणि बॉटम ब्रॅकेटजवळ, म्हणजे पेडलांचा आस बसतो तिथे, निचऱ्याचे भोक ठेवावे. चार्जिंगचे तोंड मात्र पुढच्या चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात येऊ देऊ नये.

नियंत्रणाच्या भागांबाबत माझे मत थोडे हेकट आहे. मोटरला किती वीज द्यायची ते सांभाळणारा कंट्रोलर तापतो, तेव्हा तो आत, फ्रेमच्या धातूला टेकवून बसवणे योग्यच. धातू ती उष्णता बाहेर नेतो. पण ब्लूटूथचा अँटेना ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या नळीत कोंडला तर मोबाइलशी त्याचे बोलणे तुटते, म्हणून तो प्लॅस्टिकच्या झाकणाखाली हवा. वरच्या नळीत बसवलेला डिस्प्ले चित्रात शोभतो, पण तो पाहण्यासाठी चालवणाऱ्याला रस्त्यावरची नजर काढून मान खाली घालावी लागते. मी तो हँडलवरच ठेवतो. सगळ्या तारा आणि ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगांवर फिरते त्या जोडणीतून, नेण्याची पद्धतही मला पसंत नाही. एक बेअरिंग बदलायला हायड्रॉलिक ब्रेक सोडवावे लागत असतील, तर त्या नीटनेटकेपणाची किंमत दुरुस्ती करणारा मोजतो.

फ्रेम अनेक वर्षे टिकते आणि बॅटरी तिच्या आधी थकते, हे आखणी करताना विसरणारे पुष्कळ आहेत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा हलक्या वाहनांची बॅटरी स्वतंत्र कारागिराला काढून बदलता आली पाहिजे. मला हे बंधन वाटत नाही. मोटर उतरवल्याशिवाय बॅटरी निघत नाही अशा फ्रेम वजनाला हलक्या होतात, हे खरे. पण तीनशे-चारशे ग्रॅम वाचवण्यासाठी मी ते करणार नाही. आणि दिवसातून दोनदा बॅटरी बदलणाऱ्या मालवाहू सायकलीसाठी कोणी माझा सल्ला विचारला, तर मी बॅटरी बाहेरच लावायला सांगतो.