लॅपटॉप तुमचा, किल्ली कुणाच्या खात्यात?

नवा लॅपटॉप चालू केला की विंडोज ११ होम आधी इंटरनेट मागतं आणि मग मायक्रोसॉफ्ट खातं. 'आत्ता नको' म्हणायची सोय त्या पडद्यावर नाही. २०२१ मध्ये ही सक्ती होमपुरती होती. २०२२ च्या २२एच२ या अपडेटपासून घरगुती वापराच्या 'प्रो' आवृत्तीलाही ती लागली. मॅकवर हीच पायरी 'सेट अप लेटर' म्हणून टाळता येते. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरायची प्रणाली असलं काही विचारतच नाही.

खात्याला माझा विरोध नाही. पण ते पहिल्या पाच मिनिटांत, बहुतेकदा दुकानाच्या काउंटरवरच काढायला लावणं मला चुकीचं वाटतं. कारण त्या खात्यात डिस्कची किल्ली जाऊन बसते, आणि हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

होतं असं. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करायची सोय, असतं. ॲडमिन म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन झालं की ते मुकाट्याने सुरू होतं आणि ४८ अंकी रिकव्हरी की (कुलूप अडलं तर उघडायची किल्ली) त्या खात्यात जमा होते. पुढच्या २४एच२ अपडेटमध्ये हार्डवेअरच्या अटी सैल केल्यामुळे आणखी बरीच यंत्रं यात आली. रोज लॅपटॉपमधली टीपीएम ही सुरक्षा चिप परस्पर कुलूप उघडते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग एखादं बायोसचं (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं) अपडेट होतं, मदरबोर्ड बदलला जातो किंवा कुणी सिक्युअर बूट ही सुरू होतानाची तपासणी बंद करतं, आणि निळा पडदा समोर येतो: सहा-सहा अंकांचे आठ गट भरा. त्याच पडद्यावर की आयडी असतो. त्याची पहिली ८ अक्षरं खात्यातल्या यादीशी जुळवून योग्य की शोधायची. पण खातं घाईघाईत काढलेलं, पासवर्ड चिठ्ठीवर, चिठ्ठी खोक्यात आणि खोकं रद्दीत! डेटा गेला. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टलाही नवी की बनवून देता येत नाही.

म्हणून आजच एक काम करा. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन उघडा. ते 'ऑन' असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या डिव्हाइसेस पानावरून की काढून कागदावर छापून ठेवा. त्याच लॅपटॉपवर ठेवली तर कुलूप पडलेल्या कपाटातच किल्ली ठेवल्यासारखं होईल.

आता नाण्याची दुसरी बाजू. होमवर फक्त लोकल खातं, म्हणजे त्याच यंत्रापुरतं ऑफलाइन खातं, ठेवलं तर हे एन्क्रिप्शन अर्धवट राहतं. डिस्क एन्क्रिप्ट झालेली दिसते, पण किल्ली तिच्यावरच उघडी पडलेली असते. सेटिंग्जमध्ये 'एन्क्रिप्शन पूर्ण करायला साइन इन करा' असा निरोप दिसतो. लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्क काढून कुणीही वाचू शकतं. प्रोमध्ये बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप स्वतः चालू करून की पेनड्राइव्हवर किंवा कागदावर घेता येते. ही सोय होममध्ये न देणं हीच खरी खोडी आहे: सुरक्षा हवी तर खातं द्या.

लोकल खातंच हवं असेल तर प्रोमध्ये सेटअपच्या वेळी 'वर्क ऑर स्कूल' निवडा, साइन-इन ऑप्शन्समध्ये 'डोमेन जॉइन इन्स्टेड' घ्या. कुठलंही डोमेन (ऑफिसचं नेटवर्क) लागत नाही. पासवर्डची जागा तेव्हा रिकामी सोडली तर तीन सुरक्षा प्रश्नांतून सुटका होते. पासवर्ड मागाहून सेटिंग्जमधून घाला, विसरू नका. होमसाठी सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ-१० दाबून कमांड देण्याची युक्ती नेटवर सगळीकडे सापडते, पण मार्च २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट चाचणी आवृत्त्यांमधून अशा पळवाटा एकेक करून काढतंय. नव्याने इन्स्टॉल करणार असाल तर ८ जीबीचा इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह रुफस या प्रोग्रॅमने बनवा. 'स्टार्ट' दाबल्यावर ऑनलाइन खात्याची अट काढायची खूण तिथे मिळते. सेटअप चालू असताना वायफाय आणि केबल मात्र जोडू नका, नाहीतर ती खूण फुकट जाते.

आधीच खातं जोडलेलं असेल तर सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो इथून लोकलवर जाता येतं. आधी की छापा, मगच हे करा. तुमच्या फायली असलेल्या यूजर फोल्डरचं नाव त्याने बदलत नाही. ईमेल अनिरुद्ध या नावाने सुरू होत असेल तर विंडोज पहिली पाच इंग्रजी अक्षरं घेऊन फोल्डरचं नाव 'अनिरु' करतं आणि ते जन्मभर तसंच राहतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींत) हात घालण्यापेक्षा दुसरं लोकल खातं काढून फायली तिकडे हलवणं बरं.

लोकलवर गेल्यावरही मायक्रोसॉफ्टचं ॲप स्टोअर सापळा लावून बसलेलं असतंच. तिथे साइन इन केलं की 'हेच खातं सगळीकडे वापरू का' असं विचारतं आणि मोठं निळं बटण होकाराचं असतं. खालची बारीक ओळ, 'फक्त मायक्रोसॉफ्ट ॲप्ससाठी', ती दाबा.

आणि खातं द्यायची तयारी असूनही सेटअप अडकला तर? कोऱ्या इन्स्टॉलमध्ये वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) नसेल तर नेटवर्कची यादीच रिकामी येते, आणि 'नेक्स्ट' काही उजळत नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लावा आणि फोनवर हॉटस्पॉटऐवजी 'यूएसबी टिथरिंग', म्हणजे केबलमधून फोनचं इंटरनेट देणं, चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. केबल फक्त चार्जिंगची नको, डेटाची हवी.