यंत्रे घेण्याआधी भिंतीवरची पुराची खूण पाहावी

घरी वर्कशॉप करायचे ठरवलेला माणूस बहुधा यंत्रांच्या यादीपासून सुरुवात करतो. एक ड्रिल मशीन, एक बेंच ग्राइंडर, पुढेमागे जमले तर छोटा लेथ (कातकामाचे यंत्र). सांगलीत, विशेषतः गावभागासारख्या नदीकाठच्या सखल वस्तीत राहणाऱ्याने मात्र आधी टेप हातात घ्यावा आणि २०१९ च्या पुराचे पाणी आपल्या भिंतीवर कुठपर्यंत चढले होते ते मोजावे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांचा टप्पाही मागे टाकला होता, आणि जुलै २०२१ मध्ये धोक्याची पातळी पुन्हा ओलांडली गेली. तळमजल्यावरच्या खोलीत वर्कशॉप करायचे असेल तर बोर्ड कुठे बसवायचा, वायर कुठून न्यायची आणि सांडपाणी कसे काढायचे, हे तिन्ही प्रश्न त्या एका खुणेवरून सुटू लागतात.

मुख्य बोर्ड त्या खुणेच्या वर बसत असेल तर उत्तम. खूण डोक्याच्याही वर असेल तर वर्कशॉपला वीज वरच्या मजल्यावरून खाली आणावी आणि तिचा आयसोलेटर, म्हणजे सगळी वीज तोडणारा खटका, वरच ठेवावा, म्हणजे पाणी वाढू लागल्यावर खालची संपूर्ण खोली वरून बंद करता येते आणि वरच्या मजल्यावरचे दिवे चालू राहतात. भिंतीत गाडलेल्या पाइपमध्ये शिरलेले पाणी आठवडेच्या आठवडे आत राहते, म्हणून वर्कशॉपमध्ये वायरिंग भिंतीबाहेरच्या पाइपमधून, छताकडून खाली उतरवलेले असावे. ते डोळ्यांना तितकेसे बरे दिसत नाही, पण दुरुस्तीच्या वेळी भिंत फोडावी लागत नाही. यंत्रे कायमची जोडून न ठेवता पत्र्याच्या पेटीतल्या औद्योगिक सॉकेटवर प्लगने जोडावीत. पुराचा इशारा आल्यावर मोटार उचलून वर नेण्यासाठी वायरमनची वाट पाहावी लागत नाही. पाण्याखाली गेलेले एमसीबी (जादा प्रवाहावर पडणारा खटका), आरसीसीबी (गळतीच्या प्रवाहावर पडणारा खटका) आणि सॉकेट वाळवून पुन्हा वापरू नयेत, ते बदलावेतच. मोटार वाळवून वाचू शकते, मात्र वायंडिंगचे इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासल्याशिवाय तिला वीज देऊ नये.

आता अर्थिंगविषयी, म्हणजे यंत्राचा सांगाडा वायरने जमिनीशी जोडण्याविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण घरगुती वर्कशॉपमध्ये सर्वांत अधिक गैरसमज याच ठिकाणी आढळतात. यंत्राचा सांगाडा अर्थ केलेला आहे, एमसीबीही आहे, म्हणजे आपण सुरक्षित आहोत असे बहुतेकांना वाटते. हिशेब करून पाहावा. अर्थिंगचा रोध १० ओहम आहे असे धरले, तर फेजची वायर ड्रिल मशीनच्या सांगाड्याला चिकटल्यावर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर एवढाच प्रवाह जमिनीत जाईल. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडण्यासाठी मात्र त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअरवर तो बराच वेळ पडणारच नाही आणि तेवढा वेळ यंत्राच्या सांगाड्यात वीज खेळत राहील. येथे जीव वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही एवढेच तो पाहतो आणि तफावत दिसताच, सेकंदाच्या अंशात, वीज तोडतो. अर्थात आरसीसीबी अतिभारापासून संरक्षण देत नाही, आणि एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही हवेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

अर्थिंगचा रोध जमिनीवर अवलंबून असतो आणि आपल्या जिल्ह्यात जमीन तालुक्यागणिक बदलते. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि अर्थिंगसाठी पुरलेल्या पाइपभोवतीची पकड सैल होते; म्हणून येथल्या अर्थिंगची तपासणी पावसाळ्यात नव्हे, एप्रिल-मेमध्ये करावी. जत, आटपाडीकडच्या मुरमाड आणि खडकाळ जमिनीत तर अडीच मीटरचा एक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पुरा पडेलच असे नाही. दोन किंवा तीन पाइप एकमेकांपासून निदान त्यांच्या लांबीइतके दूर पुरून जोडावे लागतात. मीठ आणि कोळशाचा खड्डा आजही सर्रास केला जातो, पण मिठाने पाइप गंजतो आणि पाण्याबरोबर ते वाहूनही जाते. बेंटोनाइट या ओल धरून ठेवणाऱ्या मातीचा भराव अधिक टिकतो. नळाच्या पाइपला अर्थची वायर बांधण्याची जुनी सवय तर पूर्णपणे सोडावी, कारण आता त्या वाटेत कुठे ना कुठे सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, तुकडा असतो आणि धातूची सलगता तेथेच संपते.

वर्कशॉपचा आरसीसीबी घराच्या आरसीसीबीपेक्षा वेगळा असावा. पावसाळ्यात ओल धरलेला जुना ग्राइंडर आरसीसीबी पाडतो, घरचा फ्रिज बंद पडतो, आणि मग वैतागून कोणीतरी वायरमनला सांगून आरसीसीबीच काढून टाकतो. असे झालेले मी ओळखीच्या घरांत पाहिले आहे. दोष ग्राइंडरचा असतो आणि शिक्षा मात्र आरसीसीबीला होते. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

वायरच्या जाडीचा हिशेब चालत्या प्रवाहावर नव्हे, मोटार सुरू होतानाच्या प्रवाहावर करावा. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार चालताना सात-आठ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. ४५ अँपिअर धरले आणि मुख्य बोर्डापासून वर्कशॉप २० मीटरवर असेल, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये सुमारे १६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे १०. संध्याकाळी व्होल्टेज आधीच कमी असलेल्या भागात हा फरक मोटारीला सुरू होण्याइतपत महत्त्वाचा ठरतो. दिव्यांचे सर्किट दीड चौरस मिलिमीटरच्या वायरचे आणि पूर्णपणे स्वतंत्र असावे. यंत्राचा एमसीबी पडला आणि फिरते पाते थांबायच्या आत खोलीत अंधार झाला, तर काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको. दिवे शक्यतो चांगल्या ड्रायव्हरचे, न लुकलुकणारे एलईडी घ्यावेत. ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते आणि त्या प्रकाशात फिरणारा लेथचा चक (काम पकडून फिरवणारा भाग) काही विशिष्ट गतींना थांबल्यासारखा दिसतो.

आमच्याकडे लाईट जाते आणि न सांगता परत येते. साध्या खटक्यावर चालणारी करवत किंवा ग्राइंडर लाईट आल्याबरोबर आपोआप फिरू लागतो, आणि त्या वेळी माणूस पाते बदलत असू शकतो. म्हणून डीओएल (डायरेक्ट-ऑन-लाइन) स्टार्टर लावावा; त्याची कॉइल वीज जाताच सुटते आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. शिवाय त्यातला ओव्हरलोड रिले मोटारीचे रक्षण करतो, जे एमसीबीचे काम नाही, कारण एमसीबी वायरीसाठी असतो. प्रत्येक स्थिर यंत्राला स्टार्टर लावणे ही चैन नाही. ज्याला सर्व यंत्रांना एकदम परवडत नाही त्याने करवतीपासून सुरुवात करावी.

घरगुती मीटरवर छंदाचे काम चालते, पण बाहेरची कामे पैसे घेऊन करू लागलात तर जोडणीचा प्रकार बदलावा लागेल का, हे महावितरणकडे विचारून घ्यावे; मंजूर भारही त्याच वेळी वाढवून घ्यावा.

नळजोडणीत दोनच गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली सांडपाण्याची. पुराचे पाणी दारातून येण्याआधी अनेक घरांत ते चेंबरमधून आणि मोरीच्या जाळीतून वर येते, म्हणून बाहेर जाणाऱ्या पाइपवर, चेंबरमध्ये, हाताने बंद करता येणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) बसवावा आणि तो बंद असताना घरातले पाणी सोडू नये. हात धुण्याच्या सिंकखाली तेल व लोखंडाचा कीस अडवणारी छोटी टाकी ठेवावी. लेथचे कूलंट (कापताना थंडाव्यासाठी सोडलेले द्रव) गटारात सोडू नये. साध्या नळाला गच्चीवरच्या टाकीचा दाब पुरतो, पण प्रत्येक मीटर उंचीला ०.१ बार एवढाच दाब मिळतो, त्यामुळे यंत्र धुण्याची तोटी त्यावर चालेल अशी अपेक्षा धरू नये.

दुसरी गोष्ट कॉम्प्रेसरच्या हवेची. घरात उरलेला पीव्हीसी पाइप हवेसाठी कधीही वापरू नये. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर गळतो. आठ बार हवेने भरलेला पीव्हीसी पाइप फुटला तर त्याचे तुकडे सुऱ्यांसारखे उडतात. जीआय पाइप वापरावा, त्याला एका बाजूस थोडा उतार द्यावा, टोकाला पाणी सोडण्याची तोटी ठेवावी आणि प्रत्येक फाटा मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढून खाली वळवावा, म्हणजे साठलेले पाणी रंगाच्या गनपर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात हवेतली ओल एवढी असते की कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे लागते.

एवढे झाल्यावर यंत्रांकडे वळावे, आणि तेही हाताच्या हत्यारांनंतर. शस्त्रांना धार लावणाऱ्या मिरजेच्या शिकलगारांची घराणी सतार-तंबोऱ्याच्या कामात आली ती मोटारीच्या जोरावर नव्हे. चांगला बिडाचा (ओतीव लोखंडाचा) व्हाइस, त्याचे जबडे उभे राहिल्यावर कोपराच्या उंचीला येतील असा भक्कम बाक, कानशी, पाने आणि धार लावण्याचा दगड यांवर आधी खर्च करावा. जुने बेंच ड्रिल कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुपवाडच्या बाजूला मिळते. रंग पाहू नये. चक धरून स्पिंडल आडवा हलवावा, खेळ जाणवला तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे, आणि घरी आणल्यावर प्लग लावण्यापूर्वी सांगाडा व फेज यांमधले इन्सुलेशन मेगरने तपासून घ्यावे.