आमची वाटचाल : साडेबारा लिटरचा संसार

ठाण्याच्या पाचपाखाडीतलं आमचं दुकान मूळचं फोटो फ्रेमचं. सासऱ्यांनी सुरू केलेलं. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, टेबलावरच्या आणि शोकेसच्या काचा यांवर घर चाललं. पुढे फोटो मोबाइलमध्येच राहू लागले आणि फ्रेमची गिऱ्हाइकं कमी झाली. माळ्यावर मात्र ४ आणि ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचे तुकडे साठले होते. माझ्या मिस्टरांना माशांचा नाद लहानपणापासूनचा. त्यांनी ते तुकडे कापून, कडा घासून, सिलिकॉनने जोडून टाक्या करायला घेतल्या. तुकडे फूट-दीड फुटाचे, म्हणून टाक्याही तेवढ्याच. लहान टाक्यांचं दुकान ही आमची ओळख अशी मालाच्या मापावरून पडली.

टाकी तपासायची पद्धत तेव्हापासून तीच आहे. सिलिकॉन दोन दिवस वाळू द्यायचं, टाकी काठोकाठ भरायची आणि वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवायची. सकाळी कागदाचा कोपरा जरी ओलसर लागला, तरी तो जोड ब्लेडने पूर्ण खरवडून नव्याने करायचा. वरून थिगळ लावलेली टाकी आमच्याकडून बाहेर जात नाही.

टाकी विकणं त्या मानाने सोपं. तिच्यात काय सोडायचं हे सांगायला लागलो, तिथून आमचा खरा धंदा उभा राहिला.

१ फूट लांब, ८ इंच रुंद आणि ८ इंच उंच टाकीत साधारण साडेबारा लिटर पाणी मावतं. वाळू, दगड घातले आणि वर दोन बोटं जागा सोडली की हातात नऊ-साडेनऊ लिटर उरतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विषारी, तिसरं बरंचसं झाडं शोषतात, उरलेलं पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मोठ्या टाकीत थोडं कमीजास्त चालून जातं. नऊ लिटरमध्ये सकाळी चिमूटभर जादा पडलेलं खाणं संध्याकाळी पाण्यात दिसतं.

त्यामुळे आमच्याकडे टाकी, वाळू, झाडं आणि स्पंज फिल्टर आधी मिळतो, मासे महिन्याभराने. यावरून सुरुवातीला रोज बोलणी व्हायची. वर्तकनगरचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. "ताई, रिकामी टाकी घरी नेऊन पोराला काय दाखवू? दोन गोल्डफिश द्या की." मी म्हटलं, "काका, गोल्डफिश वीतभर होतो आणि घाणही तशीच करतो. या टाकीत तो महिनोन् महिने गुदमरत जगेल. त्यापेक्षा मॉस हे पाण्यातलं झाड आणि दोन गोगलगायी न्या, नातू भिंग घेऊन बसेल." ते काही न घेता गेले. आठवड्याने परत आले आणि मॉस घेऊन गेले. आज त्या घरी चेरी श्रिम्पची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या लाल कोळंबीची, चौथी-पाचवी पिढी असेल.

एक फुटी टाकीसाठी माझी पहिली पसंती या श्रिम्पलाच. इंच-सव्वा इंचाचा जीव, घाण नगण्य, दिवसभर मॉसवरचं शेवाळ वेचत फिरतो. मादी अंडी शेपटीखाली धरून पायांनी सतत त्यांना वारा घालत असते, आणि तीनेक आठवड्यांनी तांदळाच्या कणीहून लहान पण आईसारखीच दिसणारी पिल्लं बाहेर पडतात. म्हणून स्पंज फिल्टर; दुसरा कुठला फिल्टर त्यांना आत ओढून घेतो. वाढताना श्रिम्प कात टाकतो. ती पारदर्शक कात तळाशी दिसली की "ताई, एक गेला" असा फोन ठरलेला. ती काढू नका, तेच खातात ती. मात्र तांबं असलेलं माशांचं औषध त्या टाकीत चुकूनही घालू नका, श्रिम्प त्याने मरतात.

आपल्या नळाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे. गोगलगायींचे शंख त्यात झिजून पांढरे पडतात, श्रिम्पला कात टाकायला जड जातं. त्यावर काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेणाचा छोटा तुकडा टाकीत टाकायला सांगतो, तो सावकाश विरघळत कॅल्शियम देतो. मे महिन्यात सोसायटीत टँकर आला की उलटी परिस्थिती, पाणी एकदम जड होतं. त्या दिवसांत टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने) पाणी बघितल्याशिवाय बदलू नका.

फायटर (लांब शेपटीचा, भांडखोर बेट्टा मासा) हवा असेल तर एकच नर, आणि पंधरा-वीस लिटर पाणी. बरणीत तो जगतो, कारण वरची हवा घ्यायला त्याच्या डोक्यात वेगळं इंद्रिय असतं. जगतो म्हणून बरणीत ठेवावा हे मला पटत नाही. त्याला पाण्याचा जोर नको, प्लास्टिकची झाडं नकोत, त्यांनी शेपटी फाटते, आणि वर झाकण हवंच, कारण तो उडी मारतो.

झुंडीत राहणारे मासे आम्ही दीड फुटाच्या टाकीपासून पुढे देतो. त्यात चाळीसेक लिटर पाणी राहतं. बोर्निओचा चिली रासबोरा किंवा ब्राझीलचा एम्बर टेट्रा, दोन्ही जेमतेम दोन सेंटिमीटरचे. आठ-दहा एकत्र असले तरच ते मोकळे फिरतात. दोन-तीन नेले तर झाडामागे दडून बसतात. गप्पी हवेत तर फक्त नर. मादी एकदा फळली की नर नसतानाही महिनोन् महिने पिल्लं देत राहते.

आपल्या देशातल्या लहान माशांचा मला विशेष अभिमान आहे. ईशान्येकडचा हनी गुरामी शांत, मधासारख्या रंगाचा. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला स्कार्लेट बॅडिस लालभडक, पण त्याला जिवंत खाणं लागतं. रोज डाफ्निया (पाण्यातल्या बारीक पिसवा) द्यायची तयारी असेल त्यालाच देतो. केरळचा मटारएवढा पफर सगळ्यांना हवा असतो. तो इतरांच्या शेपट्या कुरतडतो, गोगलगायी फस्त करतो, आणि निसर्गातून फार पकडला गेल्यामुळे जगभरच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. म्हणून टाकीत पैदास झालेला मिळाला तरच आणतो, एरवी नाही.

आणि "टँक क्लीनर" म्हणून विकला जाणारा सकरमाउथ आम्ही ठेवतच नाही. दोन इंचांचा नेलेला मासा फूटभर होतो, मग लोक तो उपवन किंवा मासुंदा तलावात सोडून येतात. तिथे तो मूळच्या माशांची अंडी आणि खाणं फस्त करतो. तलावांच्या शहरात हे थांबायला हवं. वाढलेला मासा कुठूनही घेतलेला असो, आमच्याकडे आणून द्या. मोठी टाकी असलेल्यांपर्यंत आम्ही तो पोचवतो.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज एकाच वेळी गेली तेव्हा फोन सारखा वाजत होता. मासे कमी आणि झाडं भरपूर असलेल्या घरी काही अडलं नाही. दाटीच्या टाक्यांत हवा मिसळावी म्हणून भांड्याने पाणी वरून ओतत राहायला सांगितलं. त्या वर्षी घरात अडकलेल्या खूप जणांनी टेबलावरच्या टाक्या नेल्या, आणि फ्रेमचं काम आम्ही तेव्हा कायमचं बंद केलं. आता काच मिस्टर बघतात, झाडं आणि श्रिम्पची पैदास माझ्याकडे, मुलगी शनिवार-रविवार गिऱ्हाइकांना पाणी तपासून देते.

गणपतीत आम्ही गावी असतो, दुकान बंद राहील. तुम्हीही जाणार असाल तर आठवडाभर माशांना खायला नसलं तरी चालतं. शेजाऱ्यांकडे खाण्याची डबी ठेवू नका, ते प्रेमाने जास्त घालतात. काचेवर पाण्याची रेघ मार्करने ओढून ठेवा. उडून जातं ते फक्त पाणी, क्षार आतच राहतात, म्हणून रेघेपर्यंतची भर आरओच्या पाण्याने घालायला सांगा.