पाडव्याला फुलं हवी होती, मे महिन्यात नव्हे

न्यू जर्सीत गुढी उभारायची वेळ येते तेव्हा अंगणात नुसती ओली माती आणि बोडक्या फांद्या. २०२४ च्या सप्टेंबरात मी ठरवलं, येत्या ३० मार्चला, म्हणजे पाडव्याला, दारात फुलं पाहिजेत. कोकणात आमच्या परसात भुईचाफा असाच पानांच्या आधी जमिनीतून वर यायचा. इथे ते काम क्रोकस (केशराच्या जातीची बुटकी फुलं), बुटके डॅफोडिल आणि लवकर फुलणारे ट्युलिप करतात, पण कंद आदल्या शरदातच पुरावे लागतात. महिनोन् महिने थंडी खाल्ल्याशिवाय ते फुलत नाहीत.

निवड एका संध्याकाळी झाली. ऑनलाइन ऑर्डर दिली. आणि मग सुरू झालं.

‘तुमच्या झोनप्रमाणे योग्य वेळी पाठवू’ एवढीच एक ईमेल. झोन म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीवरून ठरलेला हवामानाचा पट्टा. ऑक्टोबर गेला. इथे ऑक्टोबरच्या मध्यापासून जमीन गोठेपर्यंत लागवड करायची, आणि मी रोज पोर्चवर जाऊन बघतेय. १२ नोव्हेंबरला खोकं आलं. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून उघडलं, जाळीच्या पिशव्या काढल्या. क्रोकसची पिशवी नाहीच. डॅफोडिल अर्धे मऊ, बुडाशी दाबलं तर अंगठा आत. आणि ट्युलिपच्या पिशवीवर नाव ‘क्वीन ऑफ नाइट’! काळपट जांभळी फुलं, तीही मे महिन्यात येणारी. पाडव्याला काळी फुलं, तीही दीड महिना उशिरा. तळाशी चिठ्ठी: मागितलेला माल संपला, म्हणून त्याच किमतीचा दुसरा दिला आहे.

फोन लावला. पस्तीस मिनिटं तेच ते संगीत. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “पण हेही ट्युलिपच आहेत ना?” मी तिला मार्च आणि मे यातला फरक समजावला. तिने फोटो मागितले. पाठवले. दोन दिवसांनी उत्तर, फोटोत कंदाचं बूड नीट दिसत नाही. पुन्हा पाठवले, या वेळी सुरीने कापून. आठवड्याने निकाल: पैसे परत नाहीत, पुढच्या वर्षीच्या खरेदीसाठी क्रेडिट. पुढच्या वर्षी! मी नवऱ्याला म्हटलं, आता थेट दुकानात जाते. तो म्हणाला, “आधीच जायचं होतंस.” त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

दुकानात उरलेला माल निम्म्या किमतीत होता. मंडईत कांदे निवडतो तसेच तिन्ही प्रकारचे कंद निवडले: हातात जड, टणक, बूड कोरडं. वरचं साल सुटलं असलं तरी चालतं, मऊ नको. पाकिटावर फुलण्याचा महिना आधी वाचा, चित्र नंतर बघा. ऑनलाइनच घ्यायचं तर ऑगस्टमध्येच मागवा आणि ‘बदली माल नको’ असं लिहून द्या.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथल्या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आदल्या दिवशी, बोटं बधिर होत, पुरले. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर. क्रोकसवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी टाकली, कारण खारी ते उकरून खातात. डॅफोडिल विषारी, त्यांना कोणी तोंड लावत नाही.

हो, पुण्याहून वहिनी विचारत होती म्हणून: तिकडे ट्युलिप लावायचे तर कंद आधी बारा ते सोळा आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, आणि शेजारी सफरचंदं नकोत. त्यातून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते.

पाडव्याला सकाळी आभाळ होतं. क्रोकस मिटलेलेच, त्यांना ऊन लागतं. पण गुढीच्या पायाशी तीन पिवळे डॅफोडिल उघडले होते. नवऱ्याने मोजले, मी आधीच मोजले होते.

‘क्वीन ऑफ नाइट’ही रागारागात कुंपणाशी पुरले होते. मेमध्ये कळ्या आल्या, आणि एका रात्रीत हरणांनी फस्त केल्या. क्रेडिटचा कोड अजून ईमेलमध्ये पडून आहे.